स्टान्स आणि स्विंग सुधारण्याची साधने: नक्की कोणती उपयोगी पडतात?

मुलुंडचा_नवशिका

नमस्कार मंडळी,

माझे वय ५३ असून गोल्फ खेळायला लागून मला दोन वर्षे होत आली. लहानपण चाळीच्या अंगणात क्रिकेट खेळण्यात गेल्यामुळे हा खेळ आपल्याला सोपा जाईल अशी माझी समजूत होती, कारण इथे चेंडू जागचा हलत नाही आणि समोर गोलंदाजही नसतो. ती समजूत पहिल्याच महिन्यात उतरली.

सध्या मी दर शनिवारी सकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सराव करतो आणि महिन्यातून एकदा खारघरला सिडकोच्या मैदानावर खेळायला जातो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीचे किंवा ताडदेवच्या विलिंग्डनचे सदस्यत्व माझ्या आवाक्यातले नाही, आणि दर वेळी कोणाचा तरी पाहुणा म्हणून जाणेही बरे दिसत नाही. मी उजव्या हाताने खेळतो. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वात लांब मारायच्या काठीने (क्लबने), मारलेला चेंडू सुरुवातीला लक्ष्याच्या किंचित डावीकडे निघतो आणि मग हवेत उजवीकडे असा काही वळतो, की शेवटी तीस-चाळीस यार्ड लांब झाडीत जाऊन पडतो. ७ आयर्नने, म्हणजे मधल्या पल्ल्याच्या क्लबने, तेच होते, पण कमी प्रमाणात. आपण चेंडू स्लाइस करतो आहोत एवढे मला कळते, पण का करतो आहोत हे कळत नाही.

गेल्या वर्षभरात मी तीन साधने विकत घेतली. पहिले म्हणजे टोकाला वजनदार गोळा असलेली लवचीक काठी, जी फिरवल्याने लय सुधारते असे सांगतात. दुसरे म्हणजे दांड्यात सांधा असलेले ७ आयर्न, जे स्विंगमध्ये हिसका बसला की मधोमध मोडते. तिसरे म्हणजे दोन्ही कोपरे जवळ धरून ठेवणारा पट्टा. सांध्याच्या क्लबसाठी मी चार हजारांहून अधिक रुपये मोजले. “पंधरा दिवसांत स्लाइस गेला नाही तर मला येऊन सांगा,” असे विक्रेता म्हणाला होता. सोळाव्या दिवशी मी सांगायला गेलो, तेव्हा माझा सराव कमी पडला असे त्याचे निदान निघाले. पुढे पावसाळ्यात त्या सांध्याचा स्क्रू गंजला आणि आता तो क्लब चांगल्या स्विंगलाही मोडतो, वाईटालाही मोडतो.

माझे प्रश्न असे आहेत. स्टान्स (चेंडूपाशी उभे राहण्याची पद्धत) आणि स्विंग (क्लब फिरवणे) यांसाठी खरोखर उपयोगी पडणारी साधने कोणती? त्यांतली कोणती घरी वापरता येतील? आमच्या दिवाणखान्यात पंखा असल्यामुळे पूर्ण स्विंग करणे शक्य नाही, आणि गच्चीवर जाळी बांधण्याचा विषय सोसायटीच्या सेक्रेटरींनी एका वाक्यात संपवला आहे. तसेच एखादे साधन आपल्याला लागू पडते आहे की नाही, हे ओळखायचे कसे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

चेंबूरचा_जुना_गडी

धागाकर्ते साहेब, तुम्ही प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. मी गेली सत्तावीस वर्षे खेळतो आहे आणि आमच्या घराच्या माळ्यावर अशा साधनांची एक ट्रंक भरलेली आहे, तेव्हा या विषयात माझा अधिकार मुख्यतः फसण्याचा आहे.

माझ्या मते या साधनांच्या दोन जाती आहेत. एक जात तुम्हाला काहीतरी दाखवते, आणि दुसरी तुमच्याकडून काहीतरी करवून घेते. तुमची तिन्ही साधने दुसऱ्या जातीची आहेत. दोष कुठे आहे हे ठाऊक नसताना करवून घेणारे साधन वापरणे म्हणजे तपासणीआधीच औषध सुरू करण्यासारखे आहे. दाखवणारी साधने बहुतेक फुकटात मिळतात, आणि म्हणूनच कदाचित कोणताही विक्रेता ती आपल्याला सुचवत नाही.

आता तुमच्या चेंडूकडे पाहू. क्लब आणि चेंडू यांचा संपर्क जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या क्षणी क्लबचे तोंड, म्हणजे फेस, जिकडे पाहत असेल, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा हा वाटा सुमारे ८५ टक्के धरतात आणि आयर्नच्या बाबतीत सुमारे ७५ टक्के. पुढे हवेत तो कोणत्या बाजूला वळणार, हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यामधल्या कोनावर ठरते. चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असे आमच्या पिढीला उलटे शिकवले गेले होते. रडारवर चालणारी मोजयंत्रे आल्यावर ते मागे पडले. तुमचा चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळतो, याचा अर्थ तुमचा फेस लक्ष्याच्या डावीकडेच पाहतो आहे, पण क्लबचा मार्ग त्याहूनही जास्त डावीकडे चालला आहे. म्हणजे फेस मिटवण्याच्या मागे लागू नका. मार्ग डावीकडे का जातो हे आधी शोधा. माझा पहिला संशय तुमच्या खांद्यांवर आहे.

याचे कारण फार साधे आहे. चेंडू उजवीकडे जातो म्हणून माणूस नकळत डावीकडे नेम धरू लागतो. पाय लक्ष्याच्या रोखाने राहतात, पण खांदे डावीकडे उघडतात. क्लब खांद्यांच्या मागे जातो, मार्ग आणखी डावीकडे सरकतो, वळण आणखी वाढते, आणि मग माणूस आणखी डावीकडे नेम धरतो. मी या चक्रात तीन वर्षे होतो. त्यातून मला बाहेर काढले ते माझी बॅग उचलणाऱ्या एका कॅडीने, तेही एका वाक्यात. तो माझ्या मागे उभा होता आणि म्हणाला, “साहेब, पाय झेंड्याकडे आहेत, पण खांदे पार्किंगकडे आहेत.”

तेव्हा पहिले साधन म्हणजे दोन काठ्या. दुकानात त्या अलाइनमेंट स्टिक या नावाने मिळतात आणि साधारण चार फूट लांब असतात. मी लोहार चाळीतून वायरिंगचा दहा फुटी पीव्हीसी पाइप आणून त्याचे चार-चार फुटांचे दोन तुकडे केले. खर्च शंभर रुपयांच्या आत आला आणि उरलेल्या दोन फुटांवर आमच्या सौ.नी मनीप्लांट चढवला. एक काठी चेंडूच्या जरा पलीकडे लक्ष्याच्या रोखाने ठेवायची आणि दुसरी तिला समांतर, पावलांच्या टोकांना लागून. मुंबईकराला रूळ समजावून सांगावे लागत नाहीत: चेंडू एका रुळावर आहे आणि आपण दुसऱ्या रुळावर उभे आहोत. आपला रूळ झेंड्याकडे जात नाही, तो झेंड्याच्या किंचित डावीकडे जातो, आणि तसाच जायला हवा. पाय झेंड्याकडे रोखले, तर आपण प्रत्यक्षात उजवीकडे पाहत असतो.

पण बहुतेक लोक इथेच थांबतात. काठी पायांजवळ ठेवली की पाय सुधारतात, खांदे मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणून स्टान्स घेऊन झाल्यावर एका मित्राला तिसरी काठी तुमच्या दोन्ही खांद्यांना लावून धरायला सांगा, आणि मान न हलवता ती कुठे रोखली आहे ते पाहा. मग हेच मांड्यांना लावून करा. खांदे सरळ केल्यावर तुम्हाला आपण भलतीकडेच, अगदी उजवीकडच्या कुंपणाकडे, उभे आहोत असे वाटेल. तसे वाटले तर बरोबर मार्गावर आहात असे समजा. हा एक-दोन अंशांचा विषय वाटत असेल, तर हिशेब करून पाहा: २०० यार्डांवर एका अंशाची चूक म्हणजे साडेतीन यार्डांचा फरक. दहा अंशांनी उघडलेले खांदे मी रेंजवर दर आठवड्याला पाहतो.

दुसरे साधन म्हणजे अंगाला लावायची पावडर. ड्रायव्हरच्या फेसवर ती हलक्या हाताने भुरभुरवा आणि दहा चेंडू मारा. प्रत्येक चेंडूचा ठसा उमटतो. पावडर टिकत नसेल, तर व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढा आणि तो भाग फेसला लागेल असा चेंडू ठेवा. हे करायचे कारण असे, की ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन फेसच्या बरेच मागे असल्याने चेंडू हीलवर, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला लागला, तर केवळ त्यामुळेच त्याला उजवीकडे वळवणारी फिरक मिळते. स्विंग सुधारला तरी हीलवर बसणारा चेंडू वळतच राहतो, आणि माणूस बिचाऱ्या मार्गाला दोष देत बसतो. ठसे पाहिल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

तिसरी गोष्ट रेंजच्या कृत्रिम गवताच्या मॅटबद्दल. पावसाळ्यात तर आपण सगळेच चार महिने मॅटवर असतो. मॅट माणसाशी खोटे बोलते. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब आपटला, तर गवतावर तो मातीत रुतेल. मॅटवर तो घसरून पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. मग खारघरला गेल्यावर “आज आपला हात चालत नाही” असे आपण म्हणतो, जेव्हा हात महिनाभर तसाच चालत असतो. आयर्नचा सराव करताना चेंडूच्या चार इंच मागे एक घडी घातलेला नॅपकिन ठेवा. नॅपकिन हलला तर फटका चुकला, मग चेंडू कितीही लांब गेलेला असो.

ही तीन कामे झाल्यावर, मार्ग अजूनही डावीकडेच जातो असे दिसले, तर करवून घेणारे एक साधन सुचवतो. ड्रायव्हरचे मऊ कव्हर चेंडूच्या फूटभर मागे, लक्ष्यरेषेच्या जरा बाहेर ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब त्या कव्हरला लागतो. काही जण तिथे तिरपी काठी जमिनीत रोवतात; ते करायचेच असेल, तर एसीच्या नळीवर चढवतात तो काळा फोम काठीवर चढवा. उघड्या काठीला जोरात क्लब लागून ती तुटताना आणि तुकडा उडताना मी स्वतः पाहिले आहे.

---

कणा_आणि_कंबर

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दादरला माझे क्लिनिक आहे आणि गोल्फ खेळणारे बरेच रुग्ण माझ्याकडे येतात. मी स्वतः फक्त पटिंग करते, म्हणजे चेंडू भोकात घरंगळवते, तेव्हा चेंडूच्या वळणाबद्दल वरच्या काकांनी लिहिले आहे त्यात मी भर घालणार नाही. स्टान्सच्या शारीरिक बाजूबद्दल मात्र लिहिते.

पन्नाशीच्या आसपासच्या, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला “चेंडूवर वाका” असे सांगितले, की तो कमरेतून न वाकता पाठीतून वाकतो. पाठ गोल झाली की छाती वळायला जागा उरत नाही, आणि मग हातच क्लबला ओढून बाहेरून आत आणतात. म्हणून वाकायचे कुठून, हे शरीराला कळणे सर्वात आधी आवश्यक आहे. त्यासाठी लागणारे साधन तुमच्या बॅगेतच आहे. सरळ उभे राहा आणि एक क्लब पाठीवर उभा धरा, असा की तो डोक्याची मागची बाजू, दोन्ही खवाट्यांमधला भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकेल. आता तिन्ही ठिकाणचा स्पर्श न सोडता नितंब मागे ढकलत वाका आणि शेवटी गुडघे किंचित सैल करा. हात खांद्यांखाली मोकळे लोंबू द्या. ते जिथे लोंबतात तिथे ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, यायला हवी. हात पुढे ताणून चेंडूपर्यंत पोहोचावे लागत असेल, तर तुम्ही लांब उभे आहात, आणि ग्रिपचे टोक मांडीला चिकटत असेल, तर फार जवळ उभे आहात.

घरात पंखा आहे असे आपण लिहिले आहे. त्यासाठी भिंतीचा व्यायाम सांगते, ज्यात क्लब लागतच नाही. भिंतीकडे पाठ करून असे वाका, की नितंब भिंतीला हलके टेकतील. हात छातीवर दुमडा आणि स्विंगसारखे सावकाश वळा. मागे जाताना उजवा नितंब भिंतीला टेकलेला राहिला पाहिजे आणि पुढे येताना डावा. बहुतेकांचे नितंब खाली येताना भिंत सोडून पुढे, चेंडूच्या दिशेने सरकतात. ते सरकले की हातांना जागा राहत नाही, आणि क्लबचा दांड्याकडचा भाग चेंडूजवळ येतो. रोज दहा-दहा वेळा करा, घाई करू नका. गोदरेजच्या कपाटाला आरसा असेल तर त्याच्यासमोर बाजूने उभे राहून पाठीचा बाकही तपासता येईल.

आणखी एक छोटी परीक्षा. स्टुलावर बसा, गुडघे जुळवा, खांद्यांवर काठी आडवी धरा आणि दोन्ही बाजूंना वळून पाहा. साधारण ४५ अंश वळता आले तर ठीक आहे. कमरेचे मणके फार वळण्यासाठी बनलेलेच नाहीत, ते अगदी थोडे अंश वळतात; वळणे मुख्यतः छातीच्या मागच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून यायला हवे. तिथे आखडलेपण असेल, तर कोणतेही साधन वापरले तरी त्याचा भार कंबर उचलते. डावे पाऊल थोडे बाहेर वळवून उभे राहिल्यास पुढे वळताना खुब्याला आणि गुडघ्याला आराम मिळतो. बेन होगन उजवे पाऊल लक्ष्यरेषेला काटकोनात आणि डावे थोडे बाहेर उघडलेले ठेवत असत, हे जुन्या खेळाडूंना आठवत असेल.

वजनदार काठीबद्दल मात्र सावध करते. सकाळी साडेसहाला गाडीतून उतरून, अंग मोकळे न करता ती जोरजोरात फिरवणारे काही दिवसांनी माझ्याकडे येतात. आधी पाच मिनिटे चाला, खांदे आणि खुबे मोकळे करा, आणि मग ती काठी अर्ध्या जोराने फिरवा. लय शिकायला ती वाईट नाही, ताकद वाढवायला तिचा उपयोग नाही. पूर्वी पाठदुखी झाली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

---

बोगी_बंडू

एवढे सगळे वाचून मला एकच विचारावेसे वाटते. एका चांगल्या प्रशिक्षकाकडे चार तास घालवले, तर या सगळ्याची गरज काय? पावडर, पाइप, नॅपकिन, भिंत. हा गोल्फ आहे की घरकाम?

---

चेंबूरचा_जुना_गडी

बंडूशेठ, प्रशिक्षकाकडे जावेच, त्याबद्दल वाद नाही. पण प्रशिक्षक तासभर पाहतो आणि उरलेला आठवडा आपण एकटे असतो. विजय सिंगसारखा खेळाडू, ज्याने २००० साली मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकली, तोसुद्धा डाव्या काखेत हातमोजा दाबून रेंजवर तासन् तास चेंडू मारत असे. तो मोजा पडला की हात शरीरापासून सुटले, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नव्हते. धागाकर्त्यांच्या चार हजारांच्या पट्ट्याऐवजी हा मोजा मी कधीही घेईन. फक्त एक पथ्य आहे: मोजा डाव्या काखेत आणि अर्धा-पाऊण स्विंग. दोन्ही काखांत टॉवेल दाबून ड्रायव्हरचा पूर्ण स्विंग करू नये, कारण मागे जाताना उजवा हात थोडा सुटायलाच हवा.

---

मुलुंडचा_नवशिका

काका, एक दुरुस्ती: चार हजार सांध्याच्या क्लबचे गेले. पट्टा नऊशेचा होता. तरीही मुद्दा मान्य.

---

नियमावली_वाचणारा

दोन गोष्टींची भर घालतो, कारण पुढेमागे धागाकर्ते एखाद्या स्पर्धेत उतरतील.

पहिली गोष्ट नियमांची. रेंजवर काहीही वापरा, पण फेरी सुरू झाल्यावर ही साधने बॅगेतच राहिली पाहिजेत. नियम ४.३ प्रमाणे फेरीदरम्यान अलाइनमेंट काठी, वजनदार कव्हर किंवा क्लबवर चढवायचे वजनी कडे घेऊन सरावाचा स्विंग करता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड आहे आणि दुसऱ्याला खेळाडू बाद होतो. खांद्यांवर काठी आडवी धरून नुसते अंग ताणायला मात्र परवानगी आहे, त्यामुळे ताईंनी सांगितलेला व्यायाम पहिल्या टीवरही, म्हणजे फेरीच्या सुरुवातीच्या जागीही, चालेल. दिशा दाखवण्यासाठी पायांजवळ क्लब ठेवून स्टान्स घेणेही चालत नाही, आणि फटका मारण्यापूर्वी तो उचलला तरी दंड टळत नाही. २०१९ पासून तर आपण स्टान्स घेऊ लागल्यावर कॅडीने मागे उभे राहून रोख दाखवण्यालाही मनाई आहे. तेव्हा काकांचे ते पार्किंगचे वाक्य आज स्पर्धेत त्यांना महागात पडू शकले असते.

मग मैदानावर काय करायचे? जॅक निकलस करत असत तेच. चेंडूच्या मागे उभे राहून लक्ष्याकडे पाहायचे, त्या रेषेवर चेंडूच्या दोन-तीन फूट पुढे एखादे वाळलेले पान किंवा जुना डिव्हट (क्लबने गवत उखडल्याची खूण) हेरायचा, आणि फेस आधी त्याला काटकोनात लावून मग पाय घ्यायचे. पान तिथे आधीपासून असले पाहिजे, आपण नेऊन ठेवायचे नाही. रेंजवर काठ्यांसोबत हीच पद्धत वापरली, तर काठ्या काढल्यावर माणूस बावरत नाही.

दुसरी गोष्ट मोबाइलच्या कॅमेऱ्याची, जी अजून कोणी काढली नाही याचे मला आश्चर्य वाटते. सेकंदाला २४० चित्रे घेणारा फोन आता बहुतेकांकडे असतो. मागून चित्रण करताना तो हातांच्या उंचीवर आणि पायांच्या रेषेच्या अगदी मागे ठेवावा. समोरून करताना छातीच्या उंचीवर, छातीच्या बरोबर समोर. फोन दोन फूट इकडेतिकडे सरकला, तर चांगला स्विंगही बाहेरून आत आल्यासारखा दिसतो, आणि त्यावरून लोक महिनाभर नको तो बदल करत बसतात. दुसरे असे, की २४० च्या वेगाने दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांहून जास्त अंतर असते, आणि संपर्क तर अर्ध्या मिलिसेकंदात संपतो. म्हणजे फटक्याच्या क्षणी फेस कुठे होता, हे फोन दाखवू शकत नाही. त्यासाठी चेंडूचे उड्डाण आणि पावडरचा ठसा हेच साक्षीदार आहेत. फोनचा उपयोग स्टान्स, पाठीचा बाक आणि क्लब मागे नेण्याचा पहिला टप्पा पाहण्यासाठी करा. तसेही, क्लब खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात विचार करून काही बदलता येत नाही. जे काही सुधारायचे, ते त्याच्या आधी सुधारावे लागते.

---

मुलुंडचा_नवशिका

सर्वांचे मनापासून आभार. तीन शनिवार सराव करून मगच उत्तर लिहायचे, असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

लोहार चाळीत जाणे झाले नाही, मुलुंडलाच पाइप मिळाला. पहिल्या शनिवारी रेंजवर चेंडू गोळा करणाऱ्या मुलाला मी माझ्या खांद्यांवर काठी धरायला सांगितली. पाय जवळपास बरोबर होते. खांद्यांवरची काठी मात्र लक्ष्य सोडून डावीकडच्या तिसऱ्या मॅटवरच्या गृहस्थांकडे रोखलेली होती, आणि तो मुलगा हसू दाबत म्हणाला, “काका, तुम्ही त्यांनाच मारणार आहात.” खांदे सरळ केले तेव्हा, वर लिहिल्याप्रमाणेच, आपण उजवीकडच्या जाळीत चेंडू मारणार असे वाटू लागले. पहिले सहा चेंडू खरोखर जाळीत गेले. सातवा सरळ निघाला आणि शेवटी थोडासाच वळला. दोन वर्षांत माझ्या ड्रायव्हरने असा चेंडू मारलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या शनिवारी पावडर लावली. दहा ठशांपैकी मधोमध तीन आले आणि बाकीचे सात हीलकडे, त्यांतले दोन तर इतके कडेला की फेसवर अर्धेच उमटले होते. म्हणजे खांद्यांचा संशय बरोबर होता, पण दोष एकच नव्हता. घरी भिंतीचा व्यायाम केला तेव्हा नितंब खाली येताना भिंत सोडतात हेही दिसले; मुलीने बाजूने चित्रण केले आणि मला ते दाखवताना तिला विशेष आनंद झाला. हातात काहीतरी हवे म्हणून मी छत्री घेऊन अर्धा स्विंग करून पाहतो. पंखा अजून शाबूत आहे.

सध्या वळण निम्म्यावर आले आहे, पण दर दहा चेंडूंत दोन-तीन सरळ उजवीकडे जातात, जे पूर्वी होत नव्हते. सांध्याचा क्लब मी माळ्यावर टाकला, कोपरांचा पट्टा शेजारच्या मुलाने बॅडमिंटनसाठी नेला, वजनदार काठी ठेवली आहे आणि चालून झाल्यावर दहा वेळा फिरवतो. आता एकच प्रश्न उरतो: हीलकडचे ठसे मधोमध आणण्यासाठी मी चेंडूपासून सरळ मागे सरकून उभे राहावे का?

---

चेंबूरचा_जुना_गडी

थोडे मागे सरकून पाहायला हरकत नाही, पण ग्रिपचे टोक आणि मांडी यांच्यात हाताच्या रुंदीएवढे अंतर आधीच असेल, तर सरकू नका. मग तुम्ही नीट उभे आहात आणि खाली येताना पुढे ढकलले जात आहात, आणि त्यावर ताईंची भिंतच लागू पडेल. सरळ उजवीकडे जाणाऱ्या चेंडूंची आत्ता चिंता नको. मार्ग सुधारला आणि फेस अजून जुन्या सवयीने उघडा राहतो आहे, असा त्याचा अर्थ. पंधरवडा जाऊ द्या, फेस तरीही नाही मिटला, तर क्लब धरण्याची पद्धत पाहू.

हीलसाठी रेंजवर एक करून पाहा. मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, ड्रायव्हरचे डोके ठेवल्यावर टोच्या, म्हणजे दांड्यापासून लांबच्या टोकाच्या, पुढे बोटभर जागा उरेल असा, लक्ष्यरेषेला समांतर ठेवा. खोक्याला न लावता चेंडू मारायचा. क्लब पुढे ढकलला गेला की खोका उडतो, आणि आवाज एवढा होतो की दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज राहत नाही. पहिले वीस स्विंग चेंडूशिवाय आणि अर्ध्या जोराने करा. खोके दोन-तीन जास्तीचे न्या.